ट्रेलरवरची केबिन बोट पाण्यावर सरळ आणि स्थिर कशी ठेवावी: इंदूरच्या नव्या बोटवाल्यांसाठी

ट्रेलरवर उभी असताना प्रत्येक बोट सरळच दिसते. खरं काय ते पाण्यात उतरवल्यावर कळतं. चालवणारा जागेवर बसला की बोट एका बाजूला झुकते, वेग घेताना नाक इतकं वर जातं की समोरचं काही दिसत नाही, आणि नांगर टाकून जेवायला बसलं की ताटातली आमटी काठाबाहेर येते. नवा माणूस या तिन्हींवर एकच उपाय शोधतो आणि बहुतेक वेळा महागडे ट्रिम टॅब (पिछाडीला बसवायच्या हलत्या पट्ट्या) मागवून बसतो. पण तिन्ही त्रासांची कारणं वेगळी आहेत. शिवाय सरळ दिसणारी बोट स्थिर असतेच असं नाही, आणि ही चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

हा लेख 18 ते 23 फुटांच्या, गाडीमागे ओढून नेता येणाऱ्या केबिन बोटींसाठी आहे. आपल्या इंदूरकरांना मोठं पाणी म्हणजे खंडवा जिल्ह्यातलं इंदिरा सागर. हनुवंतियाच्या बाजूने पाहिलं तर पलीकडचा काठ कुठल्या कुठे. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की आखूड, उभ्या, एकामागोमाग येणाऱ्या लाटा उठतात. लहान तलावात न जाणवलेले बोटीचे दोष तिथे पहिल्या तासाभरात उघडे पडतात.

कागद आणि साधनं

कागदांचं थोडक्यात सांगतो. देशांतर्गत जलयान अधिनियम, 2021 नुसार इंजिनवर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. सोबत ठेवा:

- नोंदणी प्रमाणपत्र, सर्व्हे प्रमाणपत्र, विम्याचे कागद
- बोट आणि इंजिनाचं खरेदी बिल (दोन्हींचे क्रमांक त्यावर असावेत)
- ट्रेलरची आरटीओ नोंदणी
- जलाशयाचा तो भाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी
- चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र

साधनं साधी आहेत, सियागंजात एका फेरीत मिळतात: गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप (चार-पाच मीटर), मोजपट्टी, बॅगा तोलायचा लटकता काटा, चिकटपट्टी, न पुसला जाणारा मार्कर, टॉर्च, वही. मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं ॲप चालतं, पण हलत्या बोटीत त्याचा आकडा सतत नाचतो. पाईपमधलं पाणी थोड्या वेळात शांत होतं.

1. आधी वजनांची यादी करा

हे काम घरीच, बोट ट्रेलरवर असताना करायचं. बोटीतली प्रत्येक जड वस्तू वहीत लिहा: किती किलो, आणि मधल्या रेषेपासून कोणत्या बाजूला किती अंतरावर. वजन गुणिले अंतर, हा आकडा बोटीला झुकवतो. नुसत्या वजनाकडे बघून काही कळत नाही.

उदाहरण घ्या. चालवणाऱ्याची जागा बहुतेक बोटींत उजवीकडे असते. 80 किलोचा माणूस मधल्या रेषेपासून 70 सेंटिमीटरवर बसला तर उजवीकडे 80 गुणिले 0.7 मीटर, म्हणजे 56 झाले. 25 किलोच्या दोन बॅटऱ्या डावीकडे 80 सेंटिमीटरवर ठेवल्या, डावीकडे 40 झाले. उरले 16. पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा भरलेला कॅन डावीकडे 80 सेंटिमीटरवर बांधला की ते 16 भरून निघाले. एक रुपया खर्च न होता बोट सरळ झाली. पुष्कळ बोटींत मात्र बॅटऱ्या वायर वाचवण्यासाठी चालवणाऱ्याच्याच बाजूला बसवलेल्या असतात. मग 56 मध्ये 40 वजा होण्याऐवजी मिळवले जातात आणि मालक वर्षानुवर्षं "आमची बोट जराशी उजवीकडे झुकते" असं सांगत राहतो.

पुढच्या-मागच्या वजनाचंही असंच. सगळ्यांत जड वस्तू म्हणजे पिछाडीचं इंजिन. चार-स्ट्रोक 115 अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतं. जुनी बोट हलक्या दोन-स्ट्रोक इंजिनासाठी बनलेली असेल आणि नंतर कोणी तिला नवं जड इंजिन लावलं असेल, तर पिछाडी कायमची दबते. सेकंडहँड बोट बघायला गेलात तर हे जरूर विचारा. पिछाडी दबली की डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची भोकं पाण्याच्या रेषेखाली जातात आणि त्याच भोकांतून पाणी आत येऊ लागतं.

पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो, पाणी लिटरला एक किलो. टाक्या कुठे आहेत ते बघा. टाकी पिछाडीला असेल तर सकाळी भरलेली आणि संध्याकाळी रिकामी, अशा दोन वेगळ्या बोटी तुमच्या हातात असतात. दोन्हींचा हिशेब करा.

2. रस्त्यासाठी एक मांडणी, पाण्यासाठी दुसरी

सिमरोलहून भैरव घाट उतरताना ट्रेलरचा भार गाडीच्या हुकवर नीट यावा लागतो. एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकवर, असा ढोबळ हिशेब धरतात. भार फार मागे गेला तर ट्रेलर डावी-उजवीकडे फेकू लागतो, आणि घाटाच्या वळणावर ते जिवावर बेततं. म्हणून सामान पुढे सरकवून बांधलं जातं. ते योग्यच आहे. अडचण पुढे येते: तसंच बांधलेलं सामान घेऊन लोक बोट पाण्यात सोडतात आणि नाक खाली घालून चालणाऱ्या बोटीला दोष देतात. काठावर पोचलात की पाण्याच्या मांडणीप्रमाणे सामान पुन्हा लावा. दोन्ही मांडण्यांचे फोटो काढून ठेवले की हे काम दहा मिनिटांचं होतं.

3. उतरवताना घाई नको

पिछाडीच्या तळाचं पाणी सोडायचं बूच घट्ट लावलंय का, हे हात लावून बघा. बोट तरंगू लागली तरी पुढचा पट्टा लगेच सोडू नका. तळाचं झाकण उघडून टॉर्चने पाच मिनिटं बघा, पाणी चढतंय का. चढत असेल तर बोट तशीच परत ट्रेलरवर.

इंदिरा सागरची पातळी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात फार वेगळी असते. जलाशय पूर्ण भरतो तेव्हा ती 262.13 मीटर असते. दिवाळीत जिथे बोट आरामात उतरली तिथे मे महिन्यात चिखलाचा लांब उतार असू शकतो. पातळी खाली गेली की बुडालेली झाडं आणि भिंती वर येतात. हरसूदसारखं अख्खं गाव या पाण्याखाली गेलेलं आहे. स्थानिक मासेमारांना विचारल्याशिवाय नव्या भागात वेगाने जाऊ नका. आडव्या खोडावर एका बाजूने चढलेली बोट उलटायला काही सेकंद पुरतात.

4. उभ्या बोटीचं माप घ्या

वारा नसलेली सकाळ निवडा. बोट काठाला सैल बांधा. ताणलेला दोर बोटीला वाकडं धरून ठेवतो आणि माप चुकतं. जितकी माणसं नेहमी असतात तितकी त्यांच्या जागी बसवा.

आधी बाहेरून. चारही कोपऱ्यांवर, बोटीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. डावी-उजवी मापं सारखी यायला हवीत. पुढच्या-मागच्या मापांची तुलना मात्र बोटीवर रंगवलेल्या पाण्याच्या रेषेशी करा, कारण नाक मुळातच उंच असतं. नाक रेषेपेक्षा किंचित वर असलं तरी चालतं, खाली नको. आणखी एक: बऱ्याच बोटींची ती रेषा समुद्रासाठी आखलेली असते. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, म्हणून तीच बोट आपल्याकडे जराशी खोल बसते. दीड टनाच्या बोटीला जवळपास 37 लिटर जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. फरक छोटा आहे. त्यासाठी घाबरू नका, पण माणसं भरताना लक्षात असू द्या.

मग आतून. लेव्हल पाईपमध्ये पाणी भरा, त्यात नीळेचे दोन थेंब टाका, म्हणजे पातळी लांबून दिसते. पाईप टिचक्या मारत उभा धरा आणि बुडबुडे सगळे वर येऊ द्या. एक जरी अडकून राहिला तरी माप खोटं. आता पाईपची दोन टोकं केबिनच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीला लागून, चिकटपट्टीने लावा. पाणी आधी वर-खाली हलतं, मग थांबतं. दोन्ही बाजूंना चौकटीच्या खालच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजा. टोकांत दोन मीटर अंतर असेल आणि मापांत साडेतीन सेंटिमीटर फरक आला, तर बोट एक अंश झुकलेली आहे. एक अंश अंगाला फारसा कळत नाही. तीन अंशांवर पेला सरकतो आणि झोपलेला माणूस भिंतीकडे लोळतो.

बोट सरळ आल्यावर त्याच पातळीवर दोन्ही भिंतींवर मार्करने बारीक खुणा करा. पुढच्या वेळी पाईप लावायचा आणि खुणेशी जुळतं का ते बघायचं, एवढंच.

5. आधी वजन हलवा, भर शेवटी

कल दिसला की लोक वाळूची पोती आणतात. थांबा. बोटीत आधीच असलेल्या वस्तू हलवून काम होत असेल तर नवं वजन टाकू नका. प्रत्येक किलो बोटीला खोल बसवतो आणि काठ पाण्याच्या जवळ आणतो. क्रम असा ठेवा: बॅटऱ्या, नांगर आणि साखळी, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी, हत्यारांची पेटी. जड ते खाली आणि मध्ये. हलकं ते वर आणि कडेला: गाद्या, कपडे, लाइफ जॅकेट (हाताशी हवीतच).

इतकं करून भर घालावीच लागली तर काठोकाठ भरलेले पाण्याचे कॅन वापरा आणि तळाशी पट्ट्यांनी आवळून बांधा. अर्धा भरलेला कॅन कधीच नको. वाळूचं पोतं ओलं होऊन जड होतं, फाटलं की वाळू बिल्ज पंपात (तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपात) जाते. आणि न बांधलेली भर सगळ्यांत वाईट, कारण बोट झुकली की ती खालच्या बाजूलाच सरकते आणि बोटीला आणखी झुकवते.

6. कारण न सापडणारा कल म्हणजे पाणी

हे प्रकरण सावकाश वाचा.

काल सरळ असलेली बोट आज त्याच सामानासह झुकलेली असेल तर कुठेतरी पाणी शिरलंय असं समजून चला. तळ, लॉकर, गाद्यांखालचे कप्पे, सगळं उघडा. जुन्या बोटींत तळाशी भरलेला फोम पाणी पितो आणि सोडत नाही. वरून सगळं कोरडं दिसतं, पण बोट शंभर-दीडशे किलोंनी जड झालेली असते, तीही एकाच बाजूने. तळाजवळच्या छोट्या भोकातून फोमचा तुकडा काढून पिळून बघा.

मोकळं सुटलेलं पाणी दुहेरी नुकसान करतं. त्याचं वजन असतंच, शिवाय बोट जिकडे झुकेल तिकडे ते धावतं आणि सरळ होण्याची ताकद कमी करतं. पाण्याचा थर पातळ असला तरी तो बोटीच्या रुंदीभर पसरलेला असेल तर परिणाम मोठा होतो. म्हणून बिल्ज पंप आपोआप सुरू होतो का हे दर फेरीआधी तपासा, आणि पाणी काढायला एक बादली ठेवा.

आता सर्वांत धोक्याची खूण. बोट कधी डावीकडे झुकून थांबते, थोड्या वेळाने धाडकन उजवीकडे झुकून थांबते, मध्ये सरळ राहतच नाही. याचा वजनाच्या बाजूंशी संबंध नाही. वर वजन जास्त झालंय किंवा आत पाणी मोकळं आहे, त्यामुळे सरळ उभं राहण्याची तिची ताकद संपत आलेली आहे. अशा वेळी मनात पहिला विचार येतो, उचललेल्या बाजूला दोन माणसं पाठवू. ते करू नका. बोट जोरात पलीकडे पडेल आणि उलटूही शकते. टपावरची माणसं आणि सामान हळूहळू खाली, मध्यभागी आणा, सगळ्यांना केबिनच्या तळाशी बसवा, पाणी उपसा, वेग कमी ठेवून काठ गाठा.

7. बोट किती स्थिर आहे ते बघा

काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून ही चाचणी करा. एक जण बोटीच्या काठावर तालात जोर देऊन तिला डोलवेल, मग सोडेल. एका बाजूला जाऊन परत त्याच बाजूला यायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाच डुलक्यांचा वेळ घेऊन पाचाने भागा. साधारण 2.4 मीटर रुंदीची, नीट भरलेली बोट दोन-अडीच सेकंदांत एक डुलकी पूर्ण करते. झटकन सरळ होणारी बोट अंगाला त्रास देते, पण ती सुरक्षित असते. संथ, लांबट डुलकी आरामाची वाटते आणि नवखा माणूस तिलाच स्थिर समजतो. टपावर सोलर पॅनल, सायकली, पाण्याची टाकी चढवल्यानंतर डुलकी आधीपेक्षा लांबली, तर जे वर चढवलं ते खाली उतरवा.

दुसरी चाचणी: सगळ्यांना सावकाश एका बाजूला बसवा आणि त्या बाजूला काठ पाण्यापासून किती वर राहतो ते बघा. लहान बोटींच्या स्थिरतेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 12217 आहे, त्यातही भार एका बाजूला आणून तपासायची पद्धत आहे. प्रत्यक्ष पाण्यावर हे घडतंच: कुणी मगर म्हणून ओरडलं की सगळे एकाच कठड्याला.

क्षमतेच्या पाटीवर माणसांचा जो आकडा आहे त्याच्या वर जाऊ नका. पाहुणे आग्रह करतील, आत्या म्हणतील "मुलं काय, मांडीवर बसतील". तरीही नाही. वडोदऱ्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 रोजी क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटून सहलीला आलेली 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तो काही समुद्र नव्हता, शहरातला तलाव होता.

8. धावतानाचा कल: इंजिन आणि ट्रिम टॅब

इथवरचं झाल्यावरच टॅबकडे वळा. ट्रिम टॅब म्हणजे पिछाडीच्या तळाला, दोन्ही बाजूंना बसवलेल्या स्टीलच्या हलत्या पट्ट्या. पट्टी खाली गेली की वेगाचं पाणी तिच्यावर आपटतं आणि पिछाडीची ती बाजू उचलली जाते. ताशी पंधरा किलोमीटरच्या खाली त्यांचा जवळजवळ उपयोग नाही. उभ्या बोटीला त्या सरळ करू शकत नाहीत.

सुरुवात इंजिनाच्या कोनाने करा. निघताना इंजिन पूर्ण आत घ्या (त्याचा खालचा भाग बोटीकडे), नाक खाली राहतं. बोट पाण्यावर चढून सरकू लागली की हळूहळू बाहेर काढा. नाक टपाटप वर-खाली आपटू लागलं तर इंजिन बाहेर जास्त गेलंय, थोडं आत घ्या. एवढ्याने नाक खाली येत नसेल तर दोन्ही टॅब सारखे, थोडे थोडे खाली करा. बटण क्षणभर दाबा, मग दोन-तीन सेकंद थांबून बघा. धरून ठेवलं की हमखास जास्त होतं.

बटणांचा गोंधळ जवळपास प्रत्येकाचा होतो. बहुतेक बोटींत डावं बटण दाबलं की उजवा टॅब खाली जातो. उजवी पिछाडी उचलली जाते आणि डावं नाक खाली येतं, म्हणजे बटण नाकाची बाजू सांगतं. काठावर असताना कुणाला तरी मागे उभं करून कोणत्या बटणाने कोणती पट्टी हलते ते एकदा पाहून घ्या.

खोल व्ही-आकाराच्या तळाची बोट आडव्या वाऱ्यात, वारा जिकडून येतो त्याच बाजूला झुकते. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. वारा नाकाला ढकलतो, तुम्ही नकळत चाक वाऱ्याकडे फिरवून धरता, आणि वळणात झुकावी तशी बोट त्या बाजूला झुकते. इथे टॅब खरे कामाला येतात. पण दिशा बदलली की ते लगेच परत घ्या.

मागून लाटा येत असतील तर टॅब पूर्ण वर. नाक दाबलेलं असताना मागची लाट पिछाडी उचलते, नाक पुढच्या लाटेत रुततं आणि बोट गर्रकन आडवी होते. इंदिरा सागरवर दुपारी वारा वाढल्यावर परतताना नेमकी हीच वेळ येते.

नवे टॅब बसवायचे असतील तर बोटीच्या दर फुटामागे एका टॅबची रुंदी एक इंच, असा अंदाज चालतो. बोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या, भोकं बुजवायला पाण्याखाली टिकणारा सीलंट वापरा.

9. नांगर टाकल्यावरचं डोलणं

जायरो (आत वेगाने फिरणारं जड चाक असलेलं यंत्र) लावल्याने डोलणं बरंच कमी होतं, पण आपल्या आकाराच्या बोटीला त्याची किंमत आणि वजन दोन्ही झेपत नाही. नांगर नीट टाकला तरी अर्धं काम होतं. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडा आणि तो नाकालाच बांधा. नाक वाऱ्याकडे राहिलं की लाटा समोरून येतात आणि आडवं डोलणं कमी होतं. वारा एकीकडून आणि लाट दुसरीकडून येत असेल तर आधी नाकाचा नांगर पक्का बसू द्या, मग पिछाडीला दुसरा हलका नांगर टाकून नाक लाटेकडे वळवून धरा. वारा वाढला की आधी तो दुसरा सोडा.

एकटा नांगर पिछाडीला कधीही बांधू नका. तिथे इंजिनाचं वजन आहे, काठ सर्वांत खाली आहे, आणि दोराचा ओढा तो आणखी खाली खेचतो. लाट सरळ आत येते. लहान बोटी अशा प्रकारे मिनिटांत भरतात.

रात्री मुक्काम असेल तर बाजूला बांबू बांधून त्याच्या टोकाला दोराने एक सपाट फळी किंवा झाकण पाण्यात दोन मीटर खोल सोडता येतं, खालून वजन लावून. बोट त्या बाजूने उचलली जाऊ लागली की फळी पाण्याला अडते आणि डुलकी मोडते. सकाळी निघण्याआधी ते वर काढायची आठवण स्टिअरिंगला चिठ्ठी लावून ठेवा.

इंजिन, बॅटरी किंवा टाकी बदलली, टपावर काही नवं बसवलं, किंवा बोट महिनोन्महिने पावसात उभी राहिली, तर पायऱ्या 1, 4 आणि 7 पुन्हा करा. वहीतली जुनी मापं सोबत असली की अर्ध्या दिवसात काम होतं.